न मारलेल्या चेंडूचा हिशेब



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा कसब्यातल्या दोन-तीन परिचितांनी आम्हाला रस्त्यात अडवून विचारलं, 'सर, तुम्ही तर्कशास्त्र शिकवलंत, मग हे बेसबॉल कुठून काढलंत?' प्रश्न रास्त आहे. आमचा जन्म याच पेठेतला, तांबट आळीच्या मागच्या एका वाड्यातला. बेसबॉलचा चेंडू आम्ही पन्नाशी उलटेपर्यंत हातातसुद्धा धरला नव्हता. परंतु आयुष्यभर ज्या एका प्रश्नाभोवती आम्ही घुटमळलो, तो प्रश्न त्या खेळाच्या जुन्या नोंदवह्यांमध्ये फार स्वच्छ दिसतो. प्रश्न असा : माणसानं जे केलं त्याची नोंद होते, पण जे त्यानं समजून-उमजून केलं नाही, त्याची नोंद कुठे करायची?

आधी आपल्या घरातलं उदाहरण घेऊ.

डिसेंबर १९४३. मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम. पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'द रेस्ट' म्हणजे उरलेले, असे पाच संघ धर्मावर नि वंशावर पाडलेले असत. ती वाटणी चुकीची आहे हे गांधीजींनी त्याआधीच सांगितलं होतं, आणि पुढे १९४६ मध्ये ती स्पर्धा बंदही पडली. तो विषय आज बाजूला ठेवू. अंतिम सामना होता हिंदू विरुद्ध रेस्ट. हिंदू संघानं ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. रेस्टचा पहिला डाव १३३ मध्ये आटोपला. फॉलोऑन. दुसऱ्या डावातही पाच गडी झटपट गेले. एका बाजूला उभे होते सांगलीचे विजय हजारे. सहाव्या गड्यासाठी त्यांच्या जोडीला आले त्यांचे सख्खे भाऊ विवेक हजारे.

या दोघा भावांनी ३०० धावांची भागीदारी केली. रेस्टच्या एकूण धावा झाल्या ३८७, त्यांपैकी एकट्या विजय हजाऱ्यांच्या ३०९. क्रिकेटची आवड असणाऱ्या कुणालाही हा आकडा ठाऊक असतो. आता विवेक हजाऱ्यांचा आकडा सांगतो. एकवीस. तीनशेच्या भागीदारीत या गृहस्थांचा वाटा फार तर एकवीस धावांचा.

आता धावफलक वाचणारा कारकून काय म्हणेल? म्हणेल, विवेक हजारे, एकवीस, किरकोळ. पण पाच गडी पडलेले असताना हा माणूस मोहाला बळी पडून बाद झाला असता, तर त्या ३०९ चं काय झालं असतं? थोरल्याला टोलेबाजी करता यावी म्हणून धाकट्यानं एक बाजू लावून धरली. बाहेर जाणारा चेंडू सोडला, सरळ आलेला नुसता अडवला. त्यानं जे केलं नाही त्याच्या बळावर दुसऱ्याला करता आलं. आणि धावफलकात त्या न करण्यासाठी रकाना नाही.

असाच आणखी एक प्रसंग थेट आपल्या पुण्यातला. डिसेंबर १९४८, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजी सामना. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या विक्रमी ४५२ ला मागे टाकायला दहा धावा हव्या होत्या, आणि समोरच्या कर्णधारानं पुढे खेळायलाच नकार दिला. ही हळहळ पुण्यात पंचाहत्तर वर्षं चालली आहे. पण दुसऱ्या गड्यासाठी त्यांच्याबरोबर ४५५ धावांची भागीदारी कुणी केली, हे इथं बसलेल्यांपैकी कितीजण सांगू शकतील? कमल भांडारकर. त्यांनी तर २०५ केल्या होत्या! द्विशतक करूनसुद्धा माणूस 'जोडीदार' एवढाच उरतो, तिथं एकवीसवाल्याची काय कथा.

आता सातासमुद्रापार जाऊ. खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी दोन वाक्यांत सांगतो. बेसबॉलमध्ये फलंदाजासमोर एक अदृश्य चौकट असते. साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंत उंच आणि पायाशी असलेल्या पाटीइतकी रुंद. चेंडू त्या चौकटीतून गेला नि फलंदाजानं मारला नाही, तर तो 'स्ट्राइक'. असे तीन झाले की बाद. चौकटीबाहेर गेला नि फलंदाज हलला नाही, तर तो 'बॉल'. असे चार झाले की फलंदाज बॅट खाली टाकून चालत पहिल्या बेसवर जातो. पळायचंही नाही. म्हणून त्याला म्हणतात 'वॉक'. म्हणजे न मारल्याबद्दल बक्षीस. पण मारायचं नाही हे ठरवायला वेळ किती? अर्ध्या सेकंदाहून कमी.

हे चार चेंडूंचं गणित एका दिवसात ठरलं नाही. अमेरिकेतली नॅशनल लीग १८७६ साली सुरू झाली. १८७९ मध्ये वॉक मिळायला नऊ चेंडू चौकटीबाहेर जावे लागत. नवाचे आठ झाले, आठाचे सात, सहा, मध्येच पुन्हा सात, मग पाच आणि १८८९ साली चार. तेच आजवर टिकलं आहे. १८८७ पूर्वी तर फलंदाज गोलंदाजाला 'मला उंच टाक' किंवा 'खाली टाक' असं सांगू शकत असे. खेळ अजून स्वतःला शोधत होता.

त्या पहिल्या मोसमात, १८७६ मध्ये, सर्वांत जास्त वॉक घेतले रॉस बार्न्सनं. किती? वीस. संबंध मोसमात वीस! पुढे नियम सैल होत गेले तशी संख्या चढली. शिकागोच्या जॉर्ज गोरनं १८८६ मध्ये शंभरी ओलांडली, १०२. सेंट लुईसच्या यँक रॉबिन्सननं दुसऱ्या एका लीगमध्ये १८८८ साली ११६ आणि पुढच्या वर्षी ११८ घेतले. १८९२ मध्ये जॅक क्रुक्सनं १३६ वॉक घेतले. हा आकडा १९११ पर्यंत टिकला. त्या वर्षी जिमी शेकार्डनं १४७ केले.

आता हिशेबाची गंमत पाहा. १८७६ मध्ये वॉक मिळाला तर तो फलंदाजाच्या नावावर एक फुकट गेलेली संधी म्हणून धरला जाई. म्हणजे तुम्ही संयम राखलात, बेसवर पोचलात, आणि तुमची सरासरी घसरली! पुढच्या वर्षी ते बंद झालं आणि वॉक हिशेबातूनच वगळला गेला. ना गुण, ना दोष. १८८७ मध्ये लंबक दुसऱ्या टोकाला गेला, वॉक म्हणजे चक्क फटका असं धरायचं ठरलं. सरासऱ्या आकाशाला भिडल्या. टिप ओ'नील नावाच्या फलंदाजाची त्या वर्षीची सरासरी .४९२ लागली, आजच्या पद्धतीनं वॉक काढून मोजली तर ती.४३५ भरते. लोकांना ते पटलं नाही, आणि एका वर्षात तो नियम गेला.

तेव्हा एकाच कृतीला बारा वर्षांच्या आत तीन वेगवेगळे अर्थ मिळाले : अपयश, शून्य आणि पराक्रम. बेसवर चालत जाणारा माणूस मात्र तिन्ही वेळा त्याच बेसवर पोचत होता.

या हिशेबामागे एक व्यक्ती होती. हेन्री चॅडविक. जन्म १८२४, इंग्लंडमधल्या एक्झिटर गावी. लहानपणीच अमेरिकेत आले. बेसबॉलचा धावफलक ज्या रूपात आला त्याचे हे जनक मानले जातात. आणि मंडळी, चॅडविक आधी क्रिकेटचे बातमीदार होते. क्रिकेटमध्ये वाइड बॉल पडला की काय होतं? धाव संघाला मिळते, फलंदाजाला नाही. आपण मराठीत तिला फार नेमकं नाव दिलं आहे, 'अवांतर'. चॅडविक यांनी वॉककडे असंच पाहिलं. चूक गोलंदाजाची, मग फलंदाजाला श्रेय कशाचं?

हा पूर्वपक्ष आहे, आणि तो कच्चा नाही. चेंडू बाहेर टाकला गोलंदाजानं. फलंदाज नुसता उभा राहिला. उभं राहण्याचं काय कौतुक?

याचं उत्तर द्यायला आपल्याकडची जुनी तर्करीत उपयोगी पडते, अन्वय आणि व्यतिरेक. वॉक ही फक्त गोलंदाजाची चूक असती, तर ती सगळ्या फलंदाजांच्या वाट्याला कमी-अधिक सारखी आली असती. पाऊस जसा सगळ्यांच्या छपरावर पडतो तशी. पण नोंदी काय सांगतात? फिलाडेल्फियाच्या रॉय थॉमसनं १९०० ते १९०७ या आठ वर्षांत सात वेळा लीगमध्ये सर्वाधिक वॉक घेतले. गोलंदाज बदलले, मैदानं बदलली, नाव तेच राहिलं. जिथं कार्य पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी दिसतं, तिथं कारणही त्या ठिकाणीच शोधायला हवं.

कुणी म्हणेल, मोठ्या टोलेबाजाला घाबरून गोलंदाज बाहेर टाकत असतील. शंका चांगली आहे. पण थॉमसनं तेरा मोसमांच्या कारकिर्दीत किती होमरन मारले? सात. त्याला घाबरणार कोण? आणि १३६ वॉकवाल्या क्रुक्सची त्या वर्षीची सरासरी होती .२१३ च्या आसपास, म्हणजे सामान्यच. भीतीचं कारण इथं लागू पडत नाही. उरतं ते एकच : या माणसांना चेंडू कुठे जाणार हे दिसत होतं, आणि हात आवरता येत होता.

थॉमसची आणखी एक खुबी होती. न आवडणारा चेंडू तो नुसता कड लावून रेषेबाहेर घालवायचा. तेव्हा अशा चेंडूंची स्ट्राइक म्हणून मोजणी नव्हती, त्यामुळे गोलंदाज दमेपर्यंत हे चालायचं. शेवटी १९०१ मध्ये नॅशनल लीगनं नियमच बदलला. असे पहिले दोन चेंडू स्ट्राइक धरायचे ठरलं. दुसऱ्या मोठ्या लीगनं १९०३ मध्ये तेच केलं. ज्या कौशल्याला नोंदवहीत जागा द्यायला मंडळी तयार नव्हती, त्याच्याविरुद्ध नियम करायला मात्र तयार झाली. आणि कौशल्याचं फळ? १९०० साली लीगमध्ये सर्वाधिक धावा, १३२, पूर्ण केल्या त्या याच थॉमसनं. बेसवर पोचल्याशिवाय धाव पूर्ण होत नाही, इतकं साधं आहे ते.

बेसवर किती वेळा पोचला, हा आकडा बेसबॉलनं अधिकृत मानला कधी? १९८४ मध्ये. लीग सुरू झाल्यानंतर तब्बल १०८ वर्षांनी. तोवर रॉय थॉमस जाऊन पाव शतक होत आलं होतं.

इथं आमच्या विषयाकडे वळायला हवं. वैशेषिक दर्शनात पदार्थ किती, हा जुना वाद. कणादांच्या सूत्रांमध्ये सहा : द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. नंतरच्या आचार्यांनी सातवा जोडला, अभाव. 'जमिनीवर घडा नाही' हे वाक्य खरं असेल, तर जगात त्याला जुळणारं काहीतरी असायला हवं. ते 'नसणं' हाही एक पदार्थ. पहिल्या वर्गात विद्यार्थी यावर हसतात. आम्हीही हसलो होतो. पण विचार करा, उंबरठ्यावर चप्पल नाही हे पाहून तुम्ही ओळखता की मुलगा बाहेर गेला. नसण्यानं ज्ञान होतं. मग नसण्याला हिशेबात जागा का नको?

मात्र इथं एक भेद केला पाहिजे, नाहीतर उद्या प्रत्येक आळशी माणूस आमचं व्याख्यान पुढे करील. खांबही चेंडू मारत नाही. विवेक हजारेही मारत नव्हते. खांबाला मारता येत नाही. हजाऱ्यांना मारता येत होतं, समोर चेंडू होता, हातात बॅट होती, आणि त्यांनी हात आवरला. सामर्थ्य, संधी आणि निवड ही तीन असतील तर न करणं हे कर्मच आहे. यांतलं एक जरी नसलं, तर तो नुसता अभाव. आमच्या शेजारच्या तांबट आळीत मठारकाम चालतं, तांब्याच्या भांड्यावर ठोक्याशेजारी ठोका. कसलेला कारागीर हात कुठे थांबवायचा हे जाणतो. भांडं आपल्याला ठोक्यांनी चमकताना दिसतं. न मारलेला ठोका कुणाला दिसत नाही. एक जादा पडला असता तर मात्र दिसला असता.

आपल्या क्रिकेटनं अभावाला एक रकाना दिला आहे हेही नमूद करायला हवं, निर्धाव षटकांचा. नाशिकचे बापू नाडकर्णी. जानेवारी १९६४, मद्रास, समोर इंग्लंड. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. त्यांत सलग २१ षटकं निर्धाव. बळींच्या रकान्यात शून्य असलेलं हे पृथक्करण साठ वर्षांनंतरही लोक तोंडपाठ सांगतात. का? कारण रकाना होता. रकाना असला की स्मृती टिकते.

आणि आता खो-खो. या खेळाचे नियम १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्यानं बांधले, म्हणजे नदीपलीकडे, आपल्यापासून तासाभराच्या चालीवर. खो-खोत बसलेले नि पाठलाग करणारे गडी मारतात, गुण त्यांना. पळणारा? त्याचं काम टिकायचं. हुलकावण्या देत तो दोन मिनिटं टिकला, अडीच टिकला, तरी गुणफलकावर त्याच्यामुळे एक आकडा हलत नसे. वर्तमानपत्रात मात्र 'अमुक मिनिटे संरक्षण' असं छापून येई. हा आमच्या लोकांचा शहाणपणा. मिनिटं मोजली, पण गुण दिले नाहीत. २०२२ मध्ये बालेवाडीला अल्टिमेट खो-खो ही लीग सुरू झाली. तिथं पळणारी तुकडी ठराविक वेळेपलीकडे टिकली तर तिला गुण मिळू लागले. ते वाचलं त्या दिवशी आम्ही घरात एकटेच होतो, नि आमच्या डोळ्यांत पाणी आलं. कारण सांगतो, नि मग थांबतो.

आमचे थोरले बंधू खो-खो खेळत. याच पेठेतल्या मैदानांवर. मारायला सामान्य, पण पळतीला बसवले की प्रतिपक्षाचा घाम काढीत. त्यांच्या ट्रंकेत एकही पदक नव्हतं. वडील लवकर गेले. दादानं शिक्षण सोडलं, एका छापखान्यात नोकरी धरली, आणि मैदानही सुटलं. आम्ही शाळेत होतो. पुढे आम्ही एम. ए. झालो, सहा वर्षं प्रबंध लिहीत बसलो. त्या सहा वर्षांत घरात पैशाची एकही गोष्ट आमच्या कानावर आली नाही. गळकं छप्पर, आईचं आजारपण, बहिणीचं लग्न, सगळं बाहेरच्या बाहेर. त्यांनी लग्न उशिरा केलं. का, हे आम्ही विचारलंही नाही.

प्रबंध छापून आला. ऋणनिर्देशाची दोन पानं होती. मार्गदर्शकांचे आभार, ग्रंथपालांचे आभार, हस्तलिखितं दाखवणाऱ्या शास्त्रीबुवांचे आभार, टंकलेखकाचेही आभार. दादाचं नाव नव्हतं. कपटानं वगळलं असं नाही. सुचलंच नाही. कुणी प्रबंधात काय काय मदत केली याची यादी आम्ही केली होती, नि दादानं 'केलेलं' असं काहीच आमच्या डोळ्यांसमोर आलं नाही. त्यांनी जे केलं ते सगळं न होऊ देण्याचं होतं. आम्ही अभाव या पदार्थावर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं, मंडळी. त्यात घडा होता, जमीन होती.

दादांनी तो प्रबंध हातात घेतला, कागद चाचपला, बांधणी पाहिली. छापखान्यातला माणूस. म्हणाले, 'मार्जिन चांगलं सोडलंय.' पानावर जिथं काही छापलेलं नसतं, तिकडे त्यांचं लक्ष पहिल्यांदा गेलं. त्या वाक्यात टोमणा नव्हता, हे आम्ही त्यांना ओळखत असल्यामुळे ठामपणे सांगू शकतो. ते गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. दुसरी आवृत्ती काही निघाली नाही. तत्त्वज्ञानाच्या प्रबंधांची निघत नसते.

तेव्हा आजच्या व्याख्यानातून एवढंच घेऊन जा. इतिहास लिहिणाऱ्यानं आधी रकाने तपासावेत, मग आकडे. रकाने कुणीतरी आखलेले असतात. चॅडविक यांच्यासारख्या प्रामाणिक नि बुद्धिमान माणसानंसुद्धा आखलेले. जे रकान्यात बसत नाही ते घडलंच नाही, असं समजू नये. विवेक हजारे हरलेल्या संघात होते. एक डाव आणि ६१ धावांनी हरले. टिकून राहिलं म्हणजे जिंकताच येतं, असं आम्ही म्हणत नाही. पण ते ३०९ ज्या कुणाला आठवतात, त्यानं शेजारचे एकवीसही त्याच श्वासात म्हणावेत.

आणि घरी गेल्यावर आपापल्या घरातला तो एकवीसवाला कोण, हे एकदा पाहावं. असला, तर आजच सांगावं. आम्हाला उशीर झाला.